हाताले दिखस

लग्नाचा हंगाम संपला की माझे खांदे दुखायला लागतात. हंगामात दुखून घ्यायला वेळच नसतो. देवपूरला आमचा लहानसा स्टुडिओ आहे. पुढे फोटो काढायची जागा, मागे एडिटिंगचा कॉम्प्युटर, वरच्या मजल्यावर आम्ही दोघं. बाई कॅमेरा घेऊन हळदीत फिरते याचं पूर्वी लोकांना कौतुक होतं. आता प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे आणि नवरीची मावशी मलाच सांगते, ताई, जरा बाजूला व्हा, रील काढायचंय. मी होते बाजूला. या वयात भांडायला जोर लागतो, आणि माझा जोर मी घरासाठी राखून ठेवलेला असायचा.

घरात आमचे हे. हे पाण्यात उतरतात. उतरायचे, असं आता लिहायला हवं, पण सवय जात नाही. विहिरीत अडकलेली मोटर सोडवणं, तळाला गेलेला पाइप काढणं, नदीकाठी पाणीपुरवठ्याची जी मोठी विहीर असते तिच्या जाळीत गुंतलेला कचरा ओढून काढणं, लहान धरणांच्या दरवाजांचे बोल्ट आवळणं. धुळ्यापासून दोंडाईचापर्यंत आणि वर चोपड्याकडे सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत, पाण्याखाली काही अडकलं की लोक म्हणायचे, नानांना फोन लावा. पाठीवर हवेची टाकी, कमरेला दोर, आणि काठावर दोर धरायला यांचे चुलतभाऊ, ज्यांना सगळे आबा म्हणतात. आबांना पोहता येत नाही. म्हणूनच ते दोर इतका घट्ट धरतात, असं हे म्हणायचे.

यांनी आता थांबावं, ही गेली काही वर्षं माझी एकच इच्छा होती. साठी दारात येऊन उभी होती. हिवाळ्यात वर आले की ओठ जांभळे व्हायचे, रात्रभर कान दुखायचा. मी विषय काढला की हे एवढंच विचारायचे, की पाण्याबाहेर मी काय करू? दुकानात बसवलं तर गिऱ्हाईक पळून जाईल असं यांचं तोंड. शेती भावाकडे. बाजारात गेले तर वांगीसुद्धा पारखून आणता येत नाहीत, आणि खानदेशात राहून ज्याला भरताचं वांगं ओळखता येत नाही त्याचं काय करायचं? तेव्हा तो विषय तिथेच संपायचा आणि मी दुसऱ्या दिवशी टाकी भरायला देऊन यायची.

या सगळ्यात पाण्याखालचा व्हिडिओ कुठून आला, तर एका शब्दातून आला.

हे वर आले की काठावरचे विचारायचे, काय नाना, काय आहे खाली? आणि यांचं ठरलेलं उत्तर असायचं, "बठ्ठं दिखनं." सगळं दिसलं. आता विहिरीच्या तळाशी गाळ एकदा हलला की स्वतःचा तळवा डोळ्यासमोर धरला तरी दिसत नाही. हे जे काम करायचे ते सगळं हातानं चाचपून. नट किती आट्यांचा, पाइपला चीर कुठून कुठपर्यंत, दोर कोणत्या बाजूनं गुंतलाय, हे बोटांनाच कळायचं. पण आमच्या घरात त्याला 'कळलं' कधीच म्हटलं नाही. हे म्हणायचे, हाताले दिखस. हाताला दिसतं. माझं माहेर जळगावकडचं, आमची बोली वेगळी. लग्न होऊन आले तेव्हा मला या वाक्याचं हसू यायचं. पुढे मीही अंधारात काडेपेटी शोधताना तेच म्हणायला लागले.

एका वर्षी तापीकाठच्या विहिरीचं काम होतं. तिथे नवे साहेब बदलून आले होते, दुसऱ्या भागातले, भले गृहस्थ. त्यांनी जाळीबद्दल विचारलं. यांनी नेहमीप्रमाणे सांगितलं, बठ्ठं दिखनं, डाव्या बाजूच्या पट्ट्या वाकल्यात. साहेबांनी ते जसंच्या तसं घेतलं. म्हणाले, एवढं दिसतं तर मग पुढच्या वेळी व्हिडिओ काढूनच आणा, वर पाठवायला बरा पडेल. आता इथे कोणी शहाणा माणूस म्हणाला असता की साहेब, दिसत काहीच नाही. पण तसं म्हटलं तर आयुष्यभर जे सांगत आलो ते खोटं ठरलं असतं. हे 'हो' म्हणून मोकळे झाले आणि घरी येऊन मला म्हणाले, कॅमेरा पाहिजे, पाण्यात चालेल असा. मी कपाळाला हात लावला.

कॅमेरा काडेपेटीपेक्षा जरा मोठा होता, वर पाणी न शिरणारी पेटी. सोबत दोन बॅटऱ्या, त्याही पाण्यातल्या. पहिल्या दिवशी यांनी एका हातात कॅमेरा घेतला, एका हातात बॅटरी, आणि उतरले. थोड्या वेळानं वर आले ते तणतणतच. पाना कोणत्या हातात धरू? मी म्हटलं, तिसरा हात माहेरहून पाठवायला सांगते. मग कॅमेरा मनगटाला बांधला. त्यात मनगट वळेल तसं सगळं गरगरत होतं, आणि ते चित्र पाहताना आबांना ओकारी आली. बॅटरी दातात धरावी तर तोंडात हवेची नळी. शेवटी ठरलं की दोन्ही वस्तू डोक्यावर जायला हव्यात. हात मोकळे राहिले पाहिजेत.

बांधकामावर घालतात ते पिवळं हेल्मेट आणलं. देवपूरच्याच एका फॅब्रिकेशनवाल्याकडून त्याला पट्टी बसवून घेतली, पट्टीवर कॅमेरा, कॅमेऱ्याला लागून बॅटरी. आमच्या हौदात पहिली चाचणी झाली. हे हौदात बसले, मी काठावर, आणि समोरच्या गच्चीवरून शेजारीण विचारतेय, नानांना ताप आलाय का. हेल्मेटमध्ये हवा अडकली. ते बुडायला तयारच होईना, हनुवटीच्या पट्ट्यानं यांना वरच्या वर ओढत होतं, मासा गळाला लागावा तसं. मग त्याला वरून भोकं पाडली, हवा निघून जायला. भोकं पाडूनही हलकेपणा जाईना म्हणून टायरवाल्याकडून चाकाला लावतात ती शिशाची वजनं आणून मागच्या बाजूला डकवली. पुढे कॅमेरा, मागे वजन, म्हणजे मान पुढे झुकत नाही.

मग खऱ्या विहिरीत. व्हिडिओ पाहिला तर नुसतं पांढरं. असंख्य पांढरे ठिपके, जसं काही खाली बर्फ पडतोय. हे म्हणाले, तुझा कॅमेरा खराब आहे. पण मला ते ओळखीचं वाटलं. होमाच्या वेळी धूर झाला असेल आणि कॅमेऱ्यावरचाच फ्लॅश मारला, तर नवरानवरी येत नाहीत, फक्त धूर येतो. सोनगीरच्या पुढे हायवेवर डंपरच्या मागे धुळीत मोठा लाइट लावला तरी तेच होतं. उजेड आणि नजर एकाच जागेवरून निघाली की मधली धूळच चमकते. म्हणजे बॅटऱ्या कॅमेऱ्यापासून लांब हव्या होत्या, आणि सरळ समोर नाही, जरा बाहेरच्या अंगाला वळवून.

फॅब्रिकेशनवाल्यानं ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या वाकवून हेल्मेटच्या दोन्ही बाजूंना लावल्या, टोकाला एकेक बॅटरी. काय ध्यान दिसत होतं ते. आबांनी पाहिलं आणि घरात जाऊन खरोखरच बैलांच्या शिंगांना लावायचा बेगडी कागद घेऊन आले. पुढचे दोन महिने गावोगावी यांना पोळ्याचा बैल म्हणत होते. यांना राग यायचा नाही. पाण्याच्या बाबतीत यांना कधीच राग यायचा नाही, तो सगळा राग वांगी आणि कॅमेऱ्याच्या वायरी यांच्यासाठी होता.

पण चित्र आलं. हिरवट, जरा अंधुक, तरी आलं. पाइप दिसला, त्याच्यावरचं शेवाळ दिसलं.

मग माझ्या मागे नवी कामं लागली. पेटीचं दार लावताना त्यातली रबरी कडी पुसून, तिला वंगण लावून, त्यावर कणभर कचरा नाही ना बघायचं. एकदा माझा एक केस त्या कडीत अडकला. केसाएवढ्या फटीतून पाणी शिरलं आणि पहिला कॅमेरा गेला. हे सगळ्या नात्यागोत्यात सांगत फिरले की हिच्या एका केसानं कॅमेरा मारला. त्यानंतर मी डोक्याला फडकं बांधूनच ती पेटी लावायची. पहाटेच्या दवात पेटी लावली तर आत वाफ धरते, म्हणून दुपारी, कोरड्या हवेत लावायची. बुटांच्या खोक्यात येते ती शोषक पुडी आत टाकायची. लग्नाची कामं, त्यात हे. मी रात्री अंथरुणाला पाठ टेकायची तेव्हा हातांना वंगणाचा वास असायचा.

आणि प्रत्येक व्हिडिओची सुरुवात तीच. कॅमेरा मी वरच सुरू करून द्यायची, कारण खाली बटण दाबायला कोण आहे? पण उतरण्याआधी हे आसरांना नारळ फोडायचे, कुंकू वाहायचे आणि वाकून नमस्कार करायचे. पाण्यात राहणाऱ्या त्या बायांना विचारल्याशिवाय यांनी कधी पाय बुडवला नाही. डोक्यावर कॅमेरा, त्यामुळे आधी यांचे पाय, मग नारळाची शकलं, मग कुंकू, मग पाणी. साहेबांना द्यायच्या व्हिडिओतून मी तेवढं कापून टाकायची. माझ्याकडे ते तुकडे अजून आहेत.

दोंडाईचाकडच्या एका खेड्यातली गोष्ट सांगते. गावाची पिण्याच्या पाण्याची विहीर, मोटर अडकलेली. मोटर निघाली. सरपंचांना व्हिडिओ दाखवायचा म्हणून मी शाळेच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवला, तर सगळं गाव गोळा झालं. ज्या विहिरीचं पाणी हे लोक जन्मभर प्यायले तिचा तळ कुणीच पाहिला नव्हता. बादल्या, एक सायकलचं चाक, दगड, आणि एका कोपऱ्यात पितळी हंडा, अर्धा गाळात. एक म्हातारी पुढे सरकली. हा माझा हंडा आहे, म्हणाली. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिच्या हातून निसटला होता आणि त्यावरून सासूनं जन्मभर ऐकवलं होतं. सासू जाऊनही किती वर्षं झालेली. हे लगेच उठले. म्हणाले, अक्का, आणून देतो.

हे पुन्हा उतरले. एवढा वेळ लागायला नको होता. दोर हलला, आबांनी ओढला, आणि हे वर आले ते हातात एक गोल दगड कवटाळून. गाव हसलं, म्हातारी हसली, हेही हसले. पुन्हा गेले आणि हंडा घेऊन आले. त्या दिवशी आम्हाला शेवभाजी आणि कळणाची भाकरी खाऊ घातल्याशिवाय कोणी सोडलं नाही. गाडीत बसल्यावर हे इतके खुश होते की मी थांबायचा विषय काढलाच नाही.

घरी आल्यावर मी तो दुसरा व्हिडिओ लावला. गाळ उठलेला, पण शिंगांच्या उजेडात हातापुरतं दिसत होतं. यांचा उजवा हात चित्रात आला. बोटं हंड्याच्या काठावरून गेली, काठाची गोलाई चाचपली, आणि पुढे निघून गेली. पुढे तो दगड होता. बोटं त्याच्याभोवती फिरली आणि त्यांनी तो उचलला.

मी ते पुन्हा पाहिलं. ज्या बोटांना पाण्याखाली नटाचे आटे मोजता यायचे, त्यांना पितळ आणि दगड यांतला फरक कळला नव्हता. मी स्वतःला सांगितलं, थंडी होती, दमले असतील. आम्ही दोघंही दमलेले होतो, तेव्हा ही समजूत पटायला जड गेली नाही.

कॅमेरा डोक्यावर जाण्याआधी मी यांचे हात काम करताना कधी पाहिलेच नव्हते. कुणीच पाहिले नव्हते. हात मोकळे करायला म्हणून आम्ही एवढा खटाटोप केला, आणि हात मोकळे झाले तसे ते रोज माझ्या पडद्यावर यायला लागले.

त्या सुमारास हे मला एक गोष्ट सांगू लागले. मी हेल्मेट बसवत असले की म्हणायचे, कॅमेरा जरा वर कर. मानेला ताण येतो, असं कारण. मी स्क्रू सैल करून कॅमेरा बोटभर वर करायची. पुढच्या खेपेला आणखी बोटभर. मला वाटलं, मानेचंच असेल, मीही खांद्यानं हैराण होते, मला पटलं. घरात दुसरंही बदलत होतं. हे शर्ट सोडून टी-शर्ट घालायला लागले. या वयात तरुण व्हायला निघालात का, म्हणून मी चिडवलं तर नुसते हसले. एका लग्नात हॉलच्या पायऱ्यांवर यांची एक चप्पल सापडली. हे एकाच चपलेनं पुढे मांडवात जाऊन बसले होते. नवरदेवाच्या काकांनी ती आणून दिली तेव्हा हे म्हणाले, अरे, कधी सुटली? लोकांना वाटलं नाना विनोद करतायत. मलाही तसंच वाटलं.

मग साहेबांचा फोन आला. व्हिडिओत नुसतं पाणी आणि भिंत येते, म्हणाले, काम कुठे दिसतंय? बोल्ट आवळताना दिसायला हवा. मी यांना सांगितलं की साहेबांना हात दिसायला हवेत, कॅमेरा खाली करावा लागेल. हे जेवत होते. घास तोंडाजवळ नेऊन थांबले. "बरं," म्हणाले, आणि जेवू लागले. त्या 'बरं'मध्ये काहीतरी होतं, पण मला ताटं उचलायची होती, एक अल्बम द्यायचा होता.

सातपुड्याच्या पायथ्याला एक लहान धरण आहे, त्याच्या दरवाजाचं काम निघालं. दरवाजाच्या खाचेत जुनी तार अडकली होती, ती सोडवून मग बोल्ट आवळायचे. हिवाळा सरत आला होता, पाणी स्वच्छ, दुपारचं ऊन. मी हेल्मेट बसवलं, कॅमेरा खाली वळवला, स्क्रू आवळला. यांनी नारळ फोडला, वाकले, आणि आबांच्या हातात दोर देऊन उतरले.

काम झालं. एक ओढ म्हणजे ठीक आहे, ती मधूनमधून येत होती. हे वर आले, काठावर बसले, टाकी उतरवली. आबांनी विचारलं, काय नाना?

"बठ्ठं दिखनं," हे म्हणाले.

मी हेल्मेट काढायला पुढे झाले आणि दगडावर रक्त पाहिलं. यांनी ज्या हातानं दगडाला टेकू दिला होता त्याच्या खालून ते येत होतं. मी ओरडून विचारलं की काय लागलं. हे म्हणाले, कुणाला? मी यांचा हात उलटा केला. तळवा आडवा चिरलेला, खोल. हे त्या तळव्याकडे बघत राहिले, परक्या माणसाच्या हाताकडे बघावं तसे.

आबांनी पंचा फाडून हात बांधला. मी गाडीत जाऊन बसले आणि व्हिडिओ लावला, कारण मला दुसरं काही सुचेना. स्वच्छ पाणी, दोन्ही बाजूंनी उजेड, आजवरचं सगळ्यात चांगलं चित्र. दरवाजाची खाच, गंजलेली तार, तिची तुटकी टोकं. यांचा हात येतो, तार पकडतो, ओढतो. तळव्याखालून लाल रंग निघतो, धुरासारखा, आणि उजेडात वर चढत जातो. हात थांबत नाही. पुन्हा तीच धार पकडतो, पुन्हा ओढतो. झटका नाही, दचकणं नाही. हे त्या वेळी खाचेकडे बघत असणार, नाहीतर त्या लाल पाण्याकडे बघून तरी थांबले असते. तार सुटते. मग तोच हात बोल्टावर जातो आणि पाना बोल्टाच्या बाजूला आपटतो, पुन्हा आपटतो, मग कसाबसा बसतो.

गाडीचं दार उघडून हे माझ्या शेजारी बसले होते. मला कळलंच नाही कधी. आजवर यांनी आपला एकही व्हिडिओ पाहिला नव्हता. त्यात काय बघायचं, मी होतोच तिथे, असं म्हणायचे. आता मी बंद करायला हात पुढे केला तर म्हणाले, राहू दे. शेवटपर्यंत पाहिलं.

"कितला दिवसपासून?" मी यांच्याच बोलीत विचारलं. एरवी मी तसं बोलत नाही.

हे धरणाच्या पाण्याकडे बघू लागले. मग म्हणाले, "हाताले दिखत नही वं आते." हाताला आता दिसत नाही.

मला राग यायला हवा होता. एवढे महिने माझ्याकडून स्क्रू सैल करून घेतले, कॅमेरा वर, अजून वर, आणि मी माकडासारखी करत गेले. हात आत खाचेत राहिला असता तर? दरवाजाखाली सापडला असता तर काठावर आबांना कोणती ओढ मिळाली असती? हे सगळं मनात आलं. मला रडू आलं आणि मी रडले. हे शेजारी बसून राहिले. बांधलेला हात मांडीवर, दुसरा हात माझ्या पाठीवर ठेवावा की नाही या विचारात अधांतरी.

धुळ्याला डॉक्टरांनी टाके घातले, रक्त तपासलं आणि साखर निघाली. आजची नाही, कित्येक वर्षांची असणार, म्हणाले. कधी तपासलंच नाही का? बोटांच्या आणि पायांच्या शिरा बधिर झाल्यात, चप्पल निसटते का पायातून? मी यांच्याकडे पाहिलं, यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. साखर आटोक्यात ठेवली तर आहे तेवढं राहील, गेलेलं परत येईलच असं नाही, एवढं त्यांनी स्वच्छ सांगितलं. बाहेर आल्यावर हे म्हणाले, पाण्यानं काही केलं नाही, चहानं केलं. यांना त्यातल्या त्यात याचंच समाधान होतं, की पाण्यावर आळ आला नाही.

साहेबांचा पुढच्या कामाचा फोन आला तेव्हा मी स्टुडिओत होते आणि हे समोर खुर्चीवर. मी सांगितलं, नानांनी काम बंद केलं. साहेब हळहळले. म्हणाले, शेवटचा व्हिडिओ फार छान होता. मी म्हटलं, हो. यांनी मधे तोंड घातलं नाही, फोन मागितला नाही. मी फोन ठेवला तेव्हा हे काउंटरवरचा फोटोंचा गठ्ठा सरळ करत होते, आणि तो सरळ होत नव्हता.

इतकी वर्षं जे मागत होते ते मला मिळालं होतं. पण दुपारी हे खाली येऊन बसतात आणि संध्याकाळपर्यंत बसलेले असतात, ते मला बघवत नाही. पाण्याबाहेर मी काय करू, हे आता विचारत नाहीत. विचारलं असतं तर बरं झालं असतं. हेल्मेट मागच्या खोलीत खिळ्याला टांगलंय, शिंगांसकट. एका तरुण पाणबुड्यानं ते मागितलं, तर हे म्हणाले, ने. पण न्यायला म्हणून तो आला, बसला, गप्पा झाल्या, आणि ते तिथेच राहिलं.

परवा जळगावला माझ्या भाचीचं लग्न होतं. शूटिंगला नव्हे, पाहुणे म्हणून जायचं होतं, त्यामुळे मला साडी नेसायला चक्क वेळ मिळाला. मी तयार होऊन बाहेर आले तर हे खिडकीशी उभे. कपाटातून जुना पांढरा, लांब बाह्यांचा शर्ट काढून अंगात घातलेला, पुढचा सगळा उघडा, बाह्या लोंबत. किती वेळ तसे उभे होते कोण जाणे. टी-शर्टचा ढीग पलंगावर तसाच होता. माझी चाहूल लागली तसे यांनी दोन्ही हात माझ्यापुढे केले.

"गुंडी लाई दे," म्हणाले.

मी समोरची बटणं लावली, मग एका मनगटाचं, मग दुसऱ्याचं. तळव्यावरची खूण अजून लाल होती. लावून झाल्यावर मी हात सोडला नाही, यांची बोटं माझ्या मुठीत धरून दाबली, चांगली जोरात. हे खिडकीतून खाली रिक्षा आली का ते बघत होते, आणि बघतच राहिले. मी अजून दाबली. मग कधीतरी यांची नजर आत वळली, खाली आली, आमच्या हातांवर थांबली.

"आते दिखनं," हे म्हणाले.